सांडव्याचा धडा

आमच्या वस्तीवर फोनला रेंज येते ती फक्त विहिरीवरच्या लिंबाखाली. घरात फोन आला तर बोलणं अर्धं तुटतं, आणि खाली ओढ्याच्या बाजूला उतरलं की तेवढंही येत नाही. म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा आमचा वर्ग लिंबाखालीच भरायचा. खोडाला खिळा ठोकून मी एक जुनी पिशवी अडकवली होती. तिच्या तोंडाशी फोन आडवा बसायचा आणि आम्ही वस्तीवरची पाच-सहा माणसं समोर पोती अंथरून बसायचो. मान वर करून बघावं लागायचं, त्यामुळं लांबून कुणी बघितलं तर आम्ही लिंबाला नमस्कार करतोय असं वाटलं असतं.

प्रशिक्षण जमीन टिकवण्याचं होतं. माती उघडी ठेवू नका, उताराला आडवी पेरणी करा, काडीकचरा जाळू नका, रानात पाणी कसं थांबवायचं, असे धडे. आठवड्यातून एकदा दुपारी एक मॅडम शिकवायच्या. त्या कुठल्या गावाहून बोलायच्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बोलणं मात्र सरळ आणि समजेल असं. मोठा फोन माझ्याकडं होता आणि मला चारचौघांत बोलता येतं, म्हणून आमच्या गटाचा प्रमुख मी झालो. प्रमुखानं दोनच कामं करायची होती. वर्ग लावायचा, आणि ज्यांना यायला जमलं नाही त्यांना नंतर धडा समजावून सांगायचा.

दर वर्गाला न चुकता यायच्या त्या वहिनी. माझ्या चुलतभावाच्या पत्नी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, शेत त्या एकट्या बघतात. त्यांचं रान माझ्या रानाच्या खाली आहे. माझ्याकडचं पाणी दर पावसाळ्यात त्यांच्या रानातून पळत ओढ्याला जातं आणि जाताना त्यांची माती घेऊन जातं. त्यामुळं हे धडे आम्हा सगळ्यांसाठी माहिती होते, वहिनींसाठी गरज होती. त्या सुपात शेंगा घेऊन यायच्या, फोडत फोडत ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "भाऊजी, त्या बाईला इचारा की, आमच्यासारख्या रानात कसं करायचं?" मी माइक सुरू करून विचारायचो. मॅडम उत्तर द्यायच्या. असं छान चाललं होतं.

बांधाचा धडा होता त्या दिवशी ज्वारीची काढणी जोरात होती. सकाळीच एकेक जण सांगून गेला की आज जमणार नाही. वहिनीही म्हणाल्या, "बाया मोठ्या मिनतवारीनं मिळाल्यात. आज न्हाय येता येणार. तुम्ही नीट ऐका आन् मला सांगा. बांधाचंच तर पायजे मला."

"तुम्ही काळजी करू नका वहिनी. म्या ऐकून सगळं सांगतो."

दुपारी मी फोन पिशवीत लावला. मॅडम आल्या, नमस्कार झाला, पडद्यावर सगळ्या गटांची नावं चौकोनांत दिसू लागली. आमच्या गटाचंही दिसलं. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली. त्याच्या रोटाव्हेटरसाठी मी कधीचा नंबर लावून बसलो होतो. ज्वारी निघालेली माझी एक पट्टी होती, वहिनींच्या रानाला लागून ओढ्यापर्यंत उतरणारी. ती मारून घ्यायची होती.

"आत्ता आलो तर आलो," तो म्हणाला. "मग आठ दिवस इकडं फिरकत न्हाय. बांध दावायला चला संगट."

मी फोनकडं बघितलं. मॅडम उताराचं चित्र काढत होत्या. वर्गात नाव दिसत राहिलं की हजेरी लागत होती. मी फोन तसाच पिशवीत ठेवला आणि ट्रॅक्टरवर चढलो.

पहिल्याच धड्यात मॅडमनी सांगितलं होतं की रान पुन्हा पुन्हा भुसभुशीत करू नका, मोकळी माती पाण्याबरोबर जाते. ते ऐकून मान डोलावणारा मीच होतो. आणि बांधाचा धडा लिंबाला ऐकवून मी पट्टीचं पीठ करत होतो. परत आलो तेव्हा वर्ग संपला होता आणि फोन तापला होता.

रेकॉर्डिंग गटावर आलं. बघू रात्री, म्हटलं. मग काढणी, मग मळणी, मग लग्नसराई. शेवटी परीक्षा आली. ती फोनवरच द्यायची होती. मुरूम गावाकडचा एका गटाचा प्रमुख माझ्या ओळखीचा झाला होता, त्याला फोन लावला. त्यानं एकेका प्रश्नाचा पर्याय सांगितला आणि मी बोट लावत गेलो. प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत. प्रमाणपत्र आलं. अणदूरच्या बाजारातून ते छापून, वर प्लास्टिक चढवून आणलं आणि दारासमोरच्या भिंतीवर लावलं. आल्यागेल्याची नजर पहिल्यांदा तिथंच जायची.

वहिनींनी मात्र परीक्षेची वाट बघितली नव्हती. धड्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला रस्त्यात गाठलं.

"काय सांगितलं बांधाचं?"

तिथं मी म्हणायला हवं होतं की ऐकलं नाही, रेकॉर्डिंग लावून बसू. एवढंच. जीभ रेटली नाही. मी म्हणालो, "उताराला आडवा बांध घालायचा. ए-फ्रेमनं रेषा काढायची, त्ये तर आपण मागंच शिकलोय. पाणी अडवायचं आन् मुरवायचं."

"आन् पाणी लई झालं तर? जायचं कुठनं?"

"जायचं कशाला? मुरतंय की सगळं. थेंब भाईर जाऊ द्यायचा न्हाय, हाच तर धडा हाय."

"असं सांगितलं का त्यांनी?"

"व्हय. असंच सांगितलं."

वहिनींनी मान हलवली. त्यांना पटलं होतं असं नाही, पण मी ऐकलेलं होतं आणि त्यांनी ऐकलेलं नव्हतं, म्हणून त्या गप्प बसल्या. ती हललेली मान मला नंतर फार आठवली.

उन्हाळ्यात बांधासाठी इर्जिक घातली. आमच्याकडं एखाद्याचं काम त्याच्या एकट्यानं उरकणार नसेल तर सगळी वस्ती एका दिवसात उरकून देते आणि तो घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. मजुरीचं नाव कुणी काढत नाही. वहिनींनी पुरणपोळ्या आणि येळवणीची आमटी केली होती. पहाटेपासून मी तीन काठ्यांची ए-फ्रेम घेऊन, मध्ये दोरीला दगड लोंबकळत ठेवून, माझ्या आणि वहिनींच्या रानाच्या हद्दीवर पाण्याची समान रेषा काढत गेलो. ते काम मी चांगलं केलं, हे आजही म्हणतो. माणसं मागून खुणेवर माती टाकत आली. दुपारपर्यंत कमरेएवढा बांध उभा राहिला.

अडचण पूर्वेच्या टोकाला आली. तिथं हद्दीवर दगड लावलेलं एक जुनं तोंड होतं. वरून आलेलं पाणी त्या दगडांवरून घसरून खालच्या चारीत पडायचं आणि चारीतून ओढ्याला जायचं. वहिनींच्या सासऱ्यांनी ते बांधलेलं होतं.

"हे असंच ऱ्हाऊ द्यायचं का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय न्हाय. बुजवा. इथनंच तर पाणी पळतंय."

वहिनी पोळ्यांची दुरडी डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मामंजींनी लावल्याली दगडं हायती ती. काढायचीच का?"

"वहिनी, तवाची गोष्ट येगळी. आता शास्त्र आलंय."

हे वाक्य मी म्हणालो. जसंच्या तसं. माणसांनी दगड पहारीनं उचकटले, बांधात भर म्हणून टाकले, चारीही मातीनं भरून सारखी केली. वहिनी दुरडी उतरवून वाढायला लागल्या. जेवणावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पावसाळा सुरुवातीला बेताचाच झाला. बांधामागं पाणी थोडं थांबायचं, दोन-चार दिवसांत मुरायचं. खाली वहिनींचं सोयाबीन कधी नव्हतं इतकं चांगलं आलं. मी बांधाचे फोटो काढून गटावर टाकले. मॅडमनी लिहिलं, 'फारच छान, सर्वांनी पाहावं.' मग बरेच दिवस मी फोन उघडला की आधी तोच फोटो बघायचो.

मध्ये लांब उघडीप पडली. काळ्या मातीचा बांध, त्याला भेगा गेल्या. मी त्या बघितल्या आणि म्हटलं, पाऊस पडला की मिटतील.

सोयाबीन काढणीला आलं. वहिनींनी ते कापून घेतलं आणि मळणीच्या मशीनची वाट बघत बनीम लावली. बनीम म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली गंज. ती लावली पूर्वेच्या कोपऱ्यात, बुजवलेल्या चारीवर. जागा सपाट होती, टणक होती, रस्त्याला जवळ होती, मशीन तिथंच लागलं असतं. बांधाच्या अगदी पायथ्याशी. त्यांचं अख्खं खरीप त्या एका ढिगात होतं.

आणि हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस आला.

रात्रभर पडला तेव्हा मला काही वाटलं नाही. सकाळीही थांबला नाही, उलट वाढला. दुपारपर्यंत अंगणातलं पाणी ओसरीला लागलं तेव्हा मात्र मी उठलो. मी दारात उभा राहून बांधाच्या दिशेनं बघत होतो. दिसत काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा.

"काय बघताय?" बायकोनं विचारलं.

"बांध."

"आवं, बांधाला काय झालंय? तुमीच तर म्हणला, थेंब जाणार न्हाय."

मी टिकाव आणि खोरं घेतलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला तोंड वाचता येतं.

"काय केलंय तुमी?"

"सांडवा ठेवला न्हाय. पाणी जायला वाट न्हाय."

"त्यात शिकवलं नव्हतं?"

मी उंबरा ओलांडला. तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि माझ्यामागं बाहेर पडली. जाताना भिंतीकडं बोट करून म्हणाली, "त्ये प्रमाणपत्र पन घ्या संगं. लावा बांधाला आडवं."

बांधावर पोचलो तेव्हा वहिनी आधीच तिथं होत्या. बनीमवरची ताडपत्री दगडांनी दाबत होत्या. मी बांधावर चढून वर बघितलं. माझ्या रानाचा खालचा सगळा भाग तळं झाला होता. पाणी बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली होतं आणि वरच्या उतारावरून लाल-काळे लोंढे येतच होते. पाणी शांत होतं. तेच भयंकर होतं. पळणारं पाणी निदान दिसतं कुठं चाललंय ते.

"भाऊजी," वहिनींनी खालून ओरडून विचारलं, "बांध धरंल ना?"

"धरंल! वरून माती टाकू!"

हे मी का म्हणालो? कारण दोनच रस्ते होते आणि मला ते दोन्ही दिसत होते. पूर्वेचं जुनं तोंड उघडावं तर पाणी सरळ बनीमवर पडणार. दुसरी जागा पश्चिमेच्या टोकाची. तिथं बांध माझ्या त्या पट्टीला टेकला होता. तिथं फोडलं तर सगळं पाणी माझ्या पट्टीवरून ओढ्याला जाणार. ती पट्टी मी रब्बीच्या ज्वारीसाठी मोकळी राखली होती, पुन्हा एकदा रोटाव्हेटर मारून. तिच्यावर काडीसुद्धा नव्हती. ते पाणी तिच्यावरून गेलं तर काय उरेल हे मला ठाऊक होतं. तेवढा एक धडा तरी मी ऐकला होता.

म्हणून मी माथ्यावर माती टाकत राहिलो. बायको पोती भरून देत होती, वहिनी खालून चिखल वर फेकत होत्या. पाणी वाढत होतं, आम्ही वाढवत होतो. मला वाटत होतं पाऊस थांबेल. थोडं थांबला की झालं. कुणाला काही सांगावं लागणार नाही. पट्टीही वाचेल, बनीमही वाचेल, फोटोही खरा राहील.

तेवढ्यात वहिनींची हाक आली. आधीसारखी मोठी नाही, हळू.

"हितं या. पानी निघतंय."

मी खाली उतरलो. बनीमच्या बरोबर वर, बांधाच्या पोटातून बोटाएवढी धार येत होती. गढूळ. म्हणजे आतली माती घेऊन येत होती. उन्हात पडलेली ती भेग मिटलेली नव्हती. आम्ही चिखलाचा गोळा दाबला. धार शेजारून निघाली.

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, डोळे मिचकावतही नव्हत्या.

"आता काय करायचं असतंय? त्या बाईनं सांगितलं आसंल की. असं झाल्यावर काय करायचं? सांगा ना."

"वहिनी..."

"सांगा की! येळ न्हाय!"

"म्या ऐकलाच न्हाय त्यो धडा."

त्यांना कळलं नसावं. "काय?"

"त्या दिवशी म्या वर्गात नव्हतो. फोन लिंबाला लावून ट्रॅक्टरवर गेलतो. तुमाला सांगितलं त्ये माझ्या मनचं सांगितलं. बाईनं काय सांगितलं मला ठावं न्हाय."

बायको पोतं हातात धरून उभी राहिली. मी वाट बघत होतो की वहिनी आता शिव्या देतील, रडतील, काहीतरी म्हणतील. मला ते हवं होतं, खरं सांगायचं तर. त्यांनी बनीमकडं बघितलं, धारेकडं बघितलं.

"मग आता बोलू नका," त्या म्हणाल्या. "कुठं फोडायचं?"

"पश्चिमेला. माझ्या पट्टीत."

"तुमची पट्टी जाईल."

"जाऊ द्या."

"मग उभं काय ऱ्हायलाय?"

मी पळालो. बांधावरून पळता येत नव्हतं, पाय घसरत होते. पश्चिमेच्या टोकाला पोचून टिकाव घातला. चार-पाच घाव झाले आणि माथा तुटला, वाटीएवढं पाणी पट्टीकडं वळलं. मग पाण्यानंच काम हातात घेतलं. कडा ढासळू लागल्या, वाटीची कळशी झाली, कळशीची मोरी. मी मागं सरकलो तेवढ्यात उभा होतो तेवढा बांधाचा तुकडा गेला. मी कमरेएवढ्या पाण्यात पडलो आणि बोरीच्या झुडपाला धरलं. काटे हातात रुतले. त्या क्षणी मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

बाहेर येऊन बघितलं तर पट्टीवरून ओढा वाहत होता. काळं, घट्ट पाणी. पट्टीची माती उकळल्यासारखी उठत होती आणि जात होती.

पण तिकडं पूर्वेला काय? मी बांधावरून परत निघालो. पाणी उतरत होतं, पण इतकं हळू की डोळ्याला दिसत नव्हतं. पाणी उतरलं की कळावं म्हणून मी बांधाच्या आतल्या बाजूला, टोक जेमतेम पाण्याखाली राहील अशी एक काडी रोवली. काडी पाण्यात बुडालेलीच. धार आता मनगटाएवढी झाली होती. बायको आणि वहिनी दोघी बनीमच्या वरच्या पेंढ्या उचलून रस्त्यावर नेत होत्या. मीही लागलो. मध्येच बांधाच्या पोटातून मातीचा एक लगदा सुटला आणि बनीमच्या पायथ्याशी धपकन पडला.

"आक्का, सरका!" बायको ओरडली.

वहिनी सरकल्या नाहीत. त्यांनी आणखी एक पेंढी काढली. मी त्यांचा हात धरून ओढलं. त्यांनी हात झटकून टाकला.

"हात लावू नका मला."

आम्ही तिघंही तसेच उभे राहिलो, बांधाकडं बघत. दुसरा लगदा सुटला. मग तिसरा नाही सुटला. धार बारीक झाली, की नुसतं मला तसं वाटलं, हे मला कितीतरी वेळ ठरवता येईना. मग बायको म्हणाली, "तुमची काडी दिसाय लागली."

काडीचं टोक वर आलं होतं.

बनीमचा खालचा थर भिजला, त्याला नंतर मोड आले, तो गेला. वरचं सगळं राहिलं. ऊन पडल्यावर वहिनींनी ते वाळवलं, मळणी झाली. माझ्या पट्टीत मात्र खालचा पिवळा मुरूम उघडा पडला. तिच्यात ज्वारी पेरायचा प्रश्नच नव्हता. बायकोनं भिंतीवरचं प्रमाणपत्र कधी काढलं मला माहीत नाही. एक दिवस तिथं नुसता खिळा होता.

वहिनी माझ्याशी बोलत होत्या, पण कामापुरतं. पूर्वी रस्त्यात भेटल्या की "भाऊजी, चहा घेतला का" म्हणायच्या, ते थांबलं.

मग मॅडमचा फोन आला. नवीन गटांचे वर्ग सुरू होणार होते. त्यांना माझा बांधाचा फोटो आठवत होता. "तुम्ही तुमचा यशस्वी अनुभव सांगाल का? शेतकऱ्यानं सांगितलेलं शेतकऱ्यांना जास्त पटतं."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते मलाही नक्की माहीत नव्हतं. दोन दिवस मनात दोन भाषणं तयार होत होती. एकात बांध होता, पाऊस होता, वेळेवर फोडलेलं तोंड होतं आणि वाचलेली बनीम होती. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दुसऱ्या भाषणात लिंबाला टांगलेली पिशवी होती.

वर्गाच्या दिवशी मी लिंबाखाली गेलो तर वहिनी पोत्यावर बसलेल्या. सुपात शेंगा. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"बायकोनं सांगितलं तुमच्या," त्या म्हणाल्या. "बोला तुम्ही. म्या ऐकतेय."

मॅडमनी माझी ओळख करून दिली. चौकोनांत नवीन माणसं दिसत होती. कुणी घरात, कुणी झाडाखाली, कुणाच्या मागं म्हैस. मी माइक सुरू केला. शेंगा फोडायचा आवाज थांबला.

मी सांगितलं. लिंबापासून सुरुवात केली. ट्रॅक्टर, परीक्षेचे विचारून घेतलेले पर्याय, उचकटलेले दगड, "शास्त्र आलंय" हे वाक्य, भेगेतून आलेली धार, सगळं. सांगताना मी पडद्याकडं बघत नव्हतो, सुपाकडं बघत होतो. संपलं तेव्हा तिकडं शांतता होती. मला वाटलं रेंज गेली.

"आवाज येतोय का?" मी विचारलं.

"येतोय," मॅडम म्हणाल्या. "धन्यवाद. मला हे अपेक्षित नव्हतं. पण धन्यवाद."

तेरखेड्याकडच्या एकानं हात वर केला. "दादा, त्ये समदं ठीक हाय. पन सांडवा ठेवायचा कसा? कुठल्या टोकाला? रुंदी किती?"

आणि मला उत्तर येत नव्हतं. इतकं सगळं होऊनही मी तो धडा अजून ऐकला नव्हता. पट्टी गेली, बनीम जाता जाता राहिली, आणि रेकॉर्डिंग गटावर तसंच पडून होतं. मी सांगितलं, "मला माहीत न्हाय दादा." कुणीतरी हसलं. हसणाऱ्याचा माइक सुरू राहिला होता.

वर्ग संपला. वहिनी उठल्या नाहीत.

"लावा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्योच धडा. आपल्याकडं हाय म्हणता ना?"

मी रेकॉर्डिंग शोधून लावलं. नमस्कार झाला, चौकोन आले, त्यांत आमच्या गटाचं नाव. मॅडमनी उतार काढला, त्यावर आडवी रेघ काढली. मग म्हणाल्या, "आता सगळ्यात महत्त्वाचं. बांधाला सांडवा." तेवढ्यात फोनमधून घरघर ऐकू येऊ लागली. आधी लांब, मग जवळ. मॅडम थांबल्या. "कुणाचा तरी माइक सुरू आहे. ट्रॅक्टरचा आवाज येतोय. कृपया बंद करा." घरघर चालूच. त्यांनी आमच्या गटाचं नाव घेतलं. "प्रमुख आहेत का? ऐकू येतंय का?" कुणीच उत्तर दिलं नाही. लिंबावरचा एक कावळा तेवढा ओरडला. "बरं," मॅडम म्हणाल्या आणि आमचा आवाज बंद करून पुढं बोलू लागल्या. जुना दगडी सांडवा असेल तर तो मोडू नका, त्याचीच डागडुजी करा, असं त्या सांगत होत्या.

वहिनी फोनकडं बघत होत्या.

"ह्यो तुमचाच ट्रॅक्टर का?"

"व्हय."

त्यांनी सुपातल्या टरफलांवर फुंकर मारली. मला वाटलं आता त्या उठून जातील.

"मागं घ्या जरा," त्या म्हणाल्या. "त्या आवाजानं मला ऐकूच आलं न्हाय नीट."

मी मागं घेतलं. पुन्हा उतार, पुन्हा आडवी रेघ, पुन्हा "सगळ्यात महत्त्वाचं", आणि पुन्हा लांबून येणारा माझा ट्रॅक्टर. दगडांचा उतार कसा ठेवायचा ते त्यांच्या लक्षात येईना, म्हणून त्यांनी परत मागं घ्यायला लावलं. मग खालच्या चारीसाठी परत. दरवेळी मॅडम माझ्या गटाचं नाव घेऊन विचारत होत्या, प्रमुख आहेत का, आणि दरवेळी मी तिथंच, फोनसमोर बसलेला होतो.

शेवटी वहिनी उठल्या, पदर झटकला.

"बांधात टाकल्याली दगडं काढायला उद्या या," त्या म्हणाल्या. "पहार घेऊन या. इर्जिक न्हाय घालायची. दोघंच करू."

"येतो."

त्या थोडं पुढं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "आन् फोन पन आणा संगं. पोचत न्हाय तिथं रेंज, ठावं हाय. पन आवाज भरून ठिवता येतो म्हणं फोनात. त्यो भरून आणा."

मी त्या संध्याकाळी लिंबाखाली बसून तो धडा फोनात उतरवून घेतला. ट्रॅक्टरचा भाग कापता येतो, असं मला कुणीतरी मागं सांगितलं होतं. मी कापला नाही.